पकड मुलांची, निवडही मुलांचीच

टेबल टेनिस शिकायला आलेल्या मुलाच्या हातात बॅट पडते आणि मिनिटाभरात त्याच्या खेळाचा पहिला मोठा निर्णय होऊन जातो. तो निर्णय मूल घेत नाही. शिकवणारा त्याची बोटं धरून जागेवर बसवतो. तर्जनी मागच्या रबरावर खालच्या कडेलगत, अंगठा पुढच्या बाजूला, उरलेली तीन बोटं मुठीभोवती. ही शेकहँड पकड. एखाद्या मुलीनं मूठ अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत घेतली, पातं खाली झुकवलं, बाकीची तीन बोटं पात्याच्या पाठीशी नेली, म्हणजे पेनहोल्ड धरली, की तिची बोटं सोडवून पुन्हा शेकहँडमध्ये बसवली जातात. का, असं विचारलं तर उत्तरं ठरलेली आहेत. पेनहोल्डचा जमाना संपला. त्या पकडीत बॅकहँड लंगडा पडतो. ती चिनी-जपानी हातांची पकड आहे, आपल्याकडे ती शिकवणार कोण? आणि खेड्यातल्या मुलांचा विषय निघाला तर चौथं उत्तर येतं: त्यांना धड टेबल मिळत नाही, तिथं पकडीची निवड कसली करत बसता? एक सोपी पकड द्या आणि खेळू द्या.

ही चारही उत्तरं मी अनेकदा ऐकली आहेत आणि ती देणारे लोक खेळावर प्रेम करणारेच आहेत. तरीही हा आग्रह चुकीचा आहे. सगळ्यांनी पेनहोल्डच धरावी असं माझं म्हणणं नाही. दोन्ही पकडी दाखवल्याशिवाय, दोन्हींचे फायदे-तोटे सांगितल्याशिवाय आणि काही आठवडे दोन्ही वापरून पाहू दिल्याशिवाय नवशिक्यावर कोणतीच पकड लादू नये, एवढंच माझं म्हणणं आहे.

आधी नियम पाहू. टेबल टेनिसच्या नियमांत टेबलाची लांबी २.७४ मीटर, रुंदी १.५२५ मीटर, उंची ७६ सेंटिमीटर आणि जाळ्याची उंची १५.२५ सेंटिमीटर ठरवून दिली आहे. चेंडूचा व्यास ४० मिलिमीटर आहे. बॅटचं पातं सपाट आणि ताठ असावं, त्याच्या जाडीतला निदान ८५ टक्के भाग नैसर्गिक लाकडाचा असावा, असंही बंधन आहे. बॅटचा आकार, आकारमान आणि वजन मात्र खेळाडूवर सोडलेलं आहे. बॅट हातात असावी एवढंच नियम सांगतो. ती हातात कशी असावी यावर त्यात चकार शब्द नाही. बॅट धरलेल्या हाताच्या मनगटाखालच्या भागाला लागून चेंडू गेला तरी तो फटका धरला जातो. इतक्या बारीकसारीक मोजमापांच्या खेळानं जी गोष्ट खेळाडूच्या हातावर सोडली, तीच आपण पहिल्या दिवशी काढून घेतो.

आता पहिला आक्षेप. पेनहोल्डचा जमाना संपला असं म्हणणाऱ्यांकडे पुरावे आहेत आणि ते मी लपवणार नाही. एकेकाळी पुरुष एकेरीची बहुतेक जागतिक विजेतेपदं याच पकडीकडे जात. जपानचे इचिरो ओगिमुरा आणि तोशिआकी तानाका यांनी १९५४ ते १९५७ या काळात ती आलटून पालटून जिंकली. चीनच्या च्वांग झ-तुंग यांनी १९६१, १९६३ आणि १९६५ अशी सलग तीन जिंकली. १९८७ साली जागतिक स्पर्धा आपल्याच दिल्लीत झाली तेव्हा पेनहोल्ड धरणारे च्यांग च्या-ल्यांग यांनी अंतिम सामन्यात स्वीडनच्या यान-ओव्हे वाल्डनरला हरवलं. पण दोनच वर्षांनी, १९८९ मध्ये डॉर्टमुंडला, स्वीडनच्या शेकहँडवाल्यांनी सांघिक अंतिम सामन्यात चीनला ५-० असं धुऊन काढलं. दोन्ही बाजूंनी टॉपस्पिन मारणाऱ्या युरोपीय खेळापुढे जुना पेनहोल्ड खेळ तोकडा पडला, हे तिथं जगानं पाहिलं. २००९ नंतर पुरुष एकेरीचं जागतिक विजेतेपद पेनहोल्डवाल्याला मिळालेलं नाही. ऑलिंपिकमधलं एकेरीचं सुवर्णही २००८ नंतर नाही. हे सगळं खरं आहे.

पण १९८९ आणि २००८ यांच्या मध्ये काय घडलं, ते हे लोक सांगत नाहीत. ल्यू ग्वो-ल्यांग यांनी १९९६ साली अटलांटात ऑलिंपिक सुवर्ण आणि १९९९ साली जागतिक विजेतेपद मिळवलं, पेनहोल्ड धरूनच. २००४ साली अथेन्सला दक्षिण कोरियाच्या र्यू सुंग-मिन यांनी सुवर्ण जिंकलं आणि अंतिम सामन्यात समोर असलेले चीनचे वांग हाओही पेनहोल्डवालेच होते. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकच्या अंतिम सामन्यात मा लिन आणि वांग हाओ समोरासमोर उभे होते, दोघेही पेनहोल्ड. ज्या पकडीला १९८९ मध्ये तिलांजली दिली असं सांगितलं जातं, तिनं त्यानंतर वीस वर्षं मोठमोठी पदकं मिळवली.

आणि आजचं बोलायचं तर पॅरिस २०२४ आपल्यासमोर आहे. फ्रान्सचा फेलिक्स लब्रँ तिथं सतरा वर्षांचा होता. त्यानं एकेरीत कांस्यपदक मिळवलं आणि सांघिक कांस्यातही त्याचा वाटा होता. तो पेनहोल्ड धरतो. त्याचा थोरला भाऊ अलेक्सी त्याच फ्रेंच संघात होता आणि तो शेकहँड धरतो. एकच घर, एकच आईबाप, माँपेल्ये हे एकच गाव, आणि दोन भावांच्या हातात दोन पकडी. फेलिक्सनं लहानपणी आपल्या क्लबात चेन ज्यान या चिनी खेळाडूला पेनहोल्ड खेळताना पाहिलं आणि त्याला ती पकड आवडली. घरातल्यांनी आणि शिकवणाऱ्यांनी त्याला थोरल्यासारखीच धर म्हणून बळजबरी केली असती, तर पॅरिसचं ते पदक कदाचित आलंही असतं, कदाचित नसतंही. पण त्याला स्वतःचा असा जो खेळ सापडला, तो नक्कीच सापडला नसता. संपलेली पकड ऑलिंपिकच्या विजयमंचावर उभी राहत नाही.

दुसरा आक्षेप बॅकहँडचा. जुन्या पद्धतीत पेनहोल्डवाला पात्याची एकच बाजू वापरायचा. डावीकडे आलेला चेंडूही त्याच पुढच्या रबरानं मनगट वळवून ढकलायचा किंवा अडवायचा. त्या फटक्यात ब्लॉक छान बसतो, पण ताकदीनं टॉपस्पिन मारणं फार अवघड. म्हणून तो पायांवर भर देऊन डाव्या कोपऱ्यातही फोरहँड मारायला धावायचा. धाव चुकली की उजवी बाजू मोकळी. हा दोष खरा होता. त्यावर उपायही चीननंच काढला. पात्याच्या पाठीलाही रबर लावायचं आणि मनगट उलटं वळवून पाठीनं बॅकहँड मारायचा. ल्यू ग्वो-ल्यांग यांनी हा फटका मोठ्या स्पर्धांत आणला, मा लिन यांनी तो जुन्या ब्लॉकच्या जोडीनं वापरला आणि वांग हाओ यांनी तर डावीकडचा जवळजवळ सगळा खेळ त्यावरच उभा केला. फेलिक्सही तोच फटका खेळतो. बॅकहँड लंगडा आहे हे वाक्य १९८९ साली बरोबर होतं. आज ते सांगणारा मुलाला तीस-पस्तीस वर्षांपूर्वीचा खेळ शिकवतो आहे.

या आक्षेपाची उलटी बाजूही मुलाला सांगायला हवी आणि ती कुणी सांगत नाही. शेकहँडलाही दुखरी जागा आहे. ती म्हणजे कोपर. चेंडू अंगावर, खेळणाऱ्या कोपराच्या रेषेत आला की फोरहँड मारू की बॅकहँड, हे क्षणात ठरवावं लागतं आणि तिथंच भलेभले अडखळतात. म्हणून शेकहँडवाल्याला हरवायला चेंडू कोपरावर टाकायचा, हा जगभरचा जुना डाव आहे. एकाच रबरानं दोन्हीकडचे चेंडू अडवणाऱ्या पेनहोल्डवाल्याला ती अडचण कमी. टेबलावरच्या आखूड चेंडूंना हात घालताना पेनहोल्डमध्ये मनगट जास्त मोकळं फिरतं. सर्व्हिसच्या वेळी तर शेकहँडवाले स्वतःच पकड बदलतात. मुठीभोवतीची तीन बोटं सैल करून ते बॅट अंगठा आणि तर्जनीत पेलतात, कारण मनगटाला मोकळीक हवी असते. जी मोकळीक शेकहँडवाला दर सर्व्हिसला बोटं हलवून मिळवतो, ती पेनहोल्डवाल्याच्या हातात आधीपासून असते. प्रत्येक पकड काहीतरी देते आणि काहीतरी घेते. मुलाला फक्त एकीचे गुण आणि दुसरीचे दोष सांगणं हे शिकवणं नव्हे.

तिसरा आक्षेप हातांचा आणि शिकवणाऱ्यांचा. चॉपस्टिकनं जेवणाऱ्यांना ही पकड जमते, आपल्याला नाही, हे वाक्य अजून ऐकू येतं. माँपेल्येचा मुलगा लहानपणापासून काटा-चमच्यानं जेवला. आणि वेल्ह्याकडच्या पासली गावाच्या शिवारात आषाढात भाताची लावणी करताना मूठभर रोपांतून दोन-तीन काड्या अंगठा-तर्जनीच्या चिमटीत वेगळ्या करून चिखलात रोवणाऱ्या मुलीच्या बोटांना चिमूट शिकवायला कुणाची गरज नाही. हाताला जात नसते, देश नसतो. हाताला सराव असतो.

शिकवणारे नाहीत, हा भाग मात्र खरा आहे आणि त्याकडे गंभीरपणे पाहायला हवं. महाराष्ट्राचा टेबल टेनिसचा वारसा मोठा आहे. आठ वेळा राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवणारे कमलेश मेहता मुंबईचे. २०१८ च्या गोल्ड कोस्ट राष्ट्रकुल स्पर्धेत भारतीय महिला संघानं सुवर्ण जिंकलं, त्या संघात ठाण्याची मधुरिका पाटकर आणि पुण्याची पूजा सहस्रबुद्धे होत्या; पुरुष संघाच्या सुवर्णात मुंबईचा सानिल शेट्टी होता. आपल्याकडचा आजचा मोठा खेळ शेकहँडचा आहे, त्यामुळे प्रशिक्षकही शेकहँडचेच तयार होतात. पण ही प्रशिक्षकांची उणीव आहे. तिची भरपाई मुलाच्या बोटांनी का करावी? एखाद्या शिक्षकाला डावखुऱ्याला शिकवता येत नाही म्हणून आपण मुलाला उजव्या हातानं लिहायला लावत होतो. ते थांबवायला आपल्याला फार वर्षं लागली. इथंही तेच करायचं आहे: शिक्षकानं शिकायचं, मुलाचा हात बदलायचा नाही.

शिवाय आपल्या खेळानं गेल्या काही वर्षांत जगाला धक्के दिले ते सगळ्यांसारखं खेळून नव्हे. मनिका बत्रा बॅकहँडला लांब पिंपल्सचं रबर वापरते आणि २०१८ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत तिनं सिंगापूरच्या फेंग त्येन-वेइला त्याच खेळानं जेरीस आणलं. फेब्रुवारी २०२४ मध्ये बुसानच्या जागतिक सांघिक स्पर्धेत अयहिका मुखर्जीनं अँटिस्पिन रबराच्या जोरावर जगातल्या पहिल्या क्रमांकाच्या सुन यिंग-शाला हरवलं. भारत तो सामना २-३ असा हरला, पण चीनच्या संघाला घाम फुटला. सगळ्यांच्या हाती एकसारखी बॅट आणि एकसारखा फटका देणं हे ज्यांना शिस्त वाटतं, त्यांनी या दोन मुलींकडे पाहावं. वेगळं साधन समजून-उमजून निवडणं आणि त्यावर वर्षानुवर्षं कष्ट करणं हीसुद्धा शिस्तच आहे.

इथं एक इशारा माझ्याच बाजूच्या लोकांना. पेनहोल्डची तरफदारी करताना काही जण १९५२ च्या मुंबईचा दाखला देतात. आशियातली पहिली जागतिक स्पर्धा त्या वर्षी मुंबईत भरली आणि जपानचे हिरोजी सातो पेनहोल्ड धरून पुरुष एकेरीचे विजेते झाले, हे खरं. पण त्या विजयाचं श्रेय पकडीला देता येत नाही. सातो यांच्या बॅटवर जाड स्पंज होता. टणक पिंपल्सच्या रबरावर वाढलेल्या युरोपीय खेळाडूंना त्यावरून येणाऱ्या चेंडूचा आवाज ऐकू येईना आणि वेग समजेना. १९५९ साली स्पंजसह रबराच्या जाडीला चार मिलिमीटरची मर्यादा आली आणि नुसता स्पंज हद्दपार झाला. मुंबईतल्या त्या विजयातून एवढंच शिकायचं की जी गोष्ट समोरच्यानं पाहिलेली नसते ती त्याला छळते. पेनहोल्डवाल्या मुलाला जिल्हा पातळीवर हा फायदा मिळतोच, कारण समोरच्याला तसा ब्लॉक आणि तशी सर्व्हिस सवयीची नसते. पण वरच्या पातळीवर तो टिकत नाही. निव्वळ वेगळेपणासाठी ही पकड निवडू नये, हे मुलाला स्पष्ट सांगायला हवं.

आता चौथा आक्षेप, आणि मला सर्वांत जास्त खुपणारा. वेल्ह्याहून केळदच्या, मढे घाटाच्या वाटेवर पासली आहे. भोर-वेल्ह्याच्या या डोंगरपट्ट्यात पावसाळा असा कोसळतो की मैदान आठवड्यांमागून आठवडे वापरता येत नाही. कबड्डी बंद, क्रिकेट बंद. छपराखाली, एका खोलीत खेळता येईल असा खेळ हवा असेल तर टेबल टेनिससारखा खेळ नाही. वेल्हे तालुक्याचं नाव आता राजगड झालं, पण पुण्यातली प्रशिक्षण केंद्रं तेवढ्यानं जवळ आली नाहीत. रोज ये-जा करून शिकावं अशी ती नाहीत. म्हणून म्हणतात, अशा गावात उद्या टेबल आलंच तर एक सोपी पकड द्या.

हा युक्तिवाद उलटा चालतो. शहरातल्या केंद्रात शेकहँडचा प्रशिक्षक रोज समोर असतो, तेव्हा शेकहँड सोपी पडते. पासलीत प्रशिक्षक दोन्ही पकडींचा नाही. मूल शिकणार ते मोबाइलवर सामने पाहून, शाळेतल्या एखाद्या उत्साही गुरुजींच्या देखरेखीखाली आणि सोबतच्या मुलांशी खेळून. अशा ठिकाणी एक पकड दुसरीपेक्षा आपोआप सोपी होत नाही. तिथं उपयोगी पडतात ती तत्त्वं, आणि ती दोन्ही पकडींना सारखीच लागू आहेत. मूठ आवळू नये. फटका मारतानाच बोटं घट्ट होतात, एरवी सैल राहतात. मनगट वाकवून ठेवू नये. एक पकड ठरली की रॅलीच्या मध्ये ती बदलू नये. हे सांगायला परवानाधारक प्रशिक्षक लागत नाही, लक्ष देणारा माणूस लागतो. खेड्यातल्या मुलाला निवड नको, त्याला जे मिळेल ते पुरे, या विचारात काळजीपेक्षा कमी लेखणं जास्त आहे. त्या मुलालाही स्वतःचा हात आहे आणि त्या हाताचा कल आहे.

मग करायचं काय? पहिला महिनाभर दोन्ही पकडी आलटून पालटून. आधी बॅटवर चेंडू उडवणं, पुढच्या बाजूनं, मागच्या बाजूनं, मग दोन्हीकडून आळीपाळीनं. मग भिंतीवर. मग टेबलाचा अर्धा भाग उभा करून एकट्यानं रॅली. मूल कोणत्या पकडीत चेंडूकडे पाहतं आणि कोणत्या पकडीत बॅटकडे, यावर नजर ठेवावी. ज्या पकडीत बोटांची काळजी करायची वेळ येत नाही, ती पकड त्याची. पाय चपळ असतील, पुढे सरसावून फोरहँड मारायची आवड असेल, आखूड चेंडूंशी आणि सर्व्हिसशी खेळायला आवडत असेल तर पेनहोल्डकडे त्याचा कल झुकलेला असू शकतो. दोन्ही बाजूंनी सारख्या ताकदीनं मारायचं असेल, किंवा टेबलापासून मागे जाऊन चॉप करत चेंडू परतवण्यात आनंद वाटत असेल, तर शेकहँडच बरी. मागे राहून बचाव करणाऱ्याला पेनहोल्ड सोयीची नाही, हे आडपडदा न ठेवता सांगावं.

साधनांची अडचणही सांगतो. बाजारात मिळणाऱ्या तयार बॅटींची मूठ लांब असते आणि ती पेनहोल्डमध्ये तळहाताला टोचते. स्वस्तातल्या एका बॅटीची मूठ सुताराकडून साधारण दोन सेंटिमीटर आखूड करून घेतली आणि जिथं अंगठा-तर्जनी बसतात तिथल्या कडा घासून गोल केल्या की सरावापुरतं काम भागतं. दोन्ही बाजूंना रबर लावलं की बॅट जड होते, कारण एका रबराचंच वजन चाळीस-पन्नास ग्रॅम भरतं. लहान मुलाच्या मनगटासाठी हलकं पातं आणि पातळ स्पंजची रबरं घ्यावीत. पण पाठीला रबर लावायचं टाळू नये. बॅकहँडला पाठ वापरण्याची सवय पहिल्या वर्षीच लागली पाहिजे. नाहीतर १९८९ चा दोष आपणच त्या मुलाला शिकवू. आणि रबर नसलेल्या उघड्या लाकडानं मारलेला चेंडू नियमात बसत नाही, हेही पहिल्या दिवशीच सांगावं.

महिना संपला की मुलानं स्वतः ठरवावं आणि ठरवल्यावर निदान वर्षभर त्याच पकडीवर राहावं. निवड म्हणजे रोज बदलण्याची मुभा नव्हे. बहुतेक मुलं शेकहँडच निवडतील असं मला वाटतं. निवडू देत. ती पकड चांगली आहे, तिला बचावाची गरज नाही. माझा विरोध शेकहँडला नाही, ‘शेकहँडच’ या सक्तीला आहे. कारण स्वतः निवडलेल्या पकडीचा तोटा ज्या मुलाला पहिल्या महिन्यात कळतो, ते मूल पुढं प्रत्येक पराभवात आपला खेळ कुठं उघडा पडला हे शोधायला शिकतं. आणि ज्याला फक्त ‘अशीच धरायची’ एवढंच सांगितलेलं असतं, ते पराभव झाला की शिकवणाऱ्याकडे पाहतं.

म्हणून माझी मागणी साधी आहे. राज्यात प्रशिक्षकांसाठी जी नवशिक्यांची शिबिरं होतात, त्यांत पेनहोल्ड आणि तिचा पाठीकडचा बॅकहँड किमान ओळख होईल इतका शिकवला जावा. शालेय स्पर्धांत पेनहोल्ड धरणाऱ्या मुलाला कुणी पंच, शिक्षक किंवा पालक ‘नीट धर’ म्हणून टोकू नये. आणि पासलीसारख्या गावात उद्या टेबल पोचेल, तेव्हा त्यासोबत दोन्ही पकडींसाठी बॅटी पोचाव्यात. खर्च थोडा वाढेल. पण कोणती पकड धरायची हे त्या मुलांच्या वतीनं आपण शहरात बसून ठरवून टाकलं, असं होणार नाही, आणि खेळ शिकवण्याची खरी सुरुवात तिथूनच होते.